नवतपातली सुट्टी

अठ्ठावीस मे.
दुधाच्या खाड्यांमधून एक चौकोन मोकळा काढला
अन् त्याच्याभोवती गोल.
नवतपाचा चौथा दिवस.
अख्खं नागपूर कूलरसमोर पालथं पडलेलं असते,
आणि मी, कूलर दुरुस्तवाला, सुट्टी घेऊन राहिलो.

देवाजी उईके बोअरच्या गाडीवर असते.
त्यानं सांगितलं दोन वर्षांआधी:
देवलापारच्या अलीकडे, मामाच्या वावरात,
चाळीस फुटांवर रॉड एकदम हलका झाला,
अंधारात एक पायरी जास्त समजून
पाय टाकावा, तसा.
खाली पोकळ. पोकळीत पाणी.
पाण्यात झरा, जिवंत.
शेजारच्या बुजल्या विहिरीतला गाळ उपसला
तर वाकून जाण्याइतकी वाट निघाली.
"त्याच दिवशी ये," तो म्हणे, "बारा-दहाला.
खांबाची सावली खांबाच्याच पायाखाली जाते.
बोअरच्या भोकातून ऊन सरळ खाली उतरते,
सहा इंच जाडीचं. चार मिनिटं, बस.
मंग वर्षभर बॅटरीनं पाहा."

त्या चार मिनिटांपासून मी उलटा मोजत आलो.
साडेअकराला विहिरीच्या काठावर.
साडेदहाला देवलापार. नऊला मनसर, चहा.
पोहे घ्यायचे, पण तर्री नाही,
पोटावर तरंगायचं आहे.
साडेसातला गोळीबार चौक सोडायचा.
म्हणजे फोन बंद साडेसहाला,
कारण सहा पस्तीसला मोघेबाई विचारतील:
पंप गुणगुणते पण पाणी चढत नाही, कवा येता?

काच आणि नळी सीताबर्डीतून आणली.
दुकानदारानं विचारलं, गोव्याला?
म्हटलं, हो.
खरं सांगितलं असतं तर
त्यानं नळी परत ठेवून घेतली असती.

सराव गच्चीवर,
गिऱ्हाइकाच्या डक्टवाल्या कूलरच्या टाकीत.
पहिल्यांदा नाकानंच श्वास घेतला,
सवय आहे ना पंचेचाळीस वर्षांची.
ठसका, क्षार, जुन्या वाळ्याचा वास.
दुसऱ्यांदा दातांत रबर धरलं
आणि माझाच श्वास मला ऐकू आला,
कोणीतरी दुसराच
सायकलमध्ये हवा भरून राहिल्यासारखा.
तळाला एक वॉशर दिसला.
मार्चपासून शोधत होतो त्याला.

देवाजीच्या अटी: साबण नाही, तेल नाही,
आत ओरडणं नाही.
"बारके मासे आहेत. डोळे नाहीत त्यांना.
पण कान असतील."
तुला काय माहीत, मी विचारलं.
तो म्हणे, मले तरी कुठं माहीत आहे.

यादी विजेच्या बिलामागं:
बॅटऱ्या दोन. दोर, तीस फूट. ताक.
खिशात कांदा, उन्हासाठी.
ट्रकची ट्यूब, फुगवून,
कारण मला पोहता येते
ते गावच्या तळ्यात, तेही चौदाव्या वर्षापर्यंत.
त्यानंतर पाणी फक्त बादलीनं.

रात्री निरंजना म्हणाली,
एवढ्या उन्हात, आहे तरी काय तिथं पाहायला?
काय सांगू.
तळाशी वाळू उकळते म्हणे,
थंडगार उकळी, एकाच जागी, रात्रंदिवस.
वीस उन्हाळे लोकांच्या खिडक्यांमागं
मी पाणी ओततो आहे,
नळाचं, टँकरचं, उधारीचं.
येताना कधी पाहिलं नाही.
जातानाच पाहिलं.

ती बराच वेळ बोलली नाही.
पंप गुणगुणत होता. पाणी चढत होतं.
मग कूस बदलत म्हणाली,
टॉवेल दोन घ्या.